दोन नाही, आठ

कॅम्प-१, भिलाई
बुधवार, सकाळ

प्रिय ओमप्रकाश,

मी दोन-अडीच तास गाडीत बसून प्रवास करू शकतो, हे परवा डॉक्टर मॅडमनी नक्की सांगितलं. आधी एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला, मग मला खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्या. तेव्हा रविवारी दुर्गहून सकाळची गाडी धरून तुझ्याकडे आमगावला येतोय. तुझी भागीरथा वहिनीही सोबत आहे. दोन महिन्यांपूर्वी मला घरच्या पायरीवरून ऑटोत चढता येत नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे ही मोठी बातमी आहे. फोनवरही सांगता आली असती, पण फोनवर आपण दोघंही नेहमी ठीकच असतो.

आता कबुली. दिवाळीत तू विचारलंस तेव्हा मणक्यात गॅप आहे म्हणून मी सांगितलं होतं. तसं काही नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, आणि तो मणक्यात व डाव्या खुब्याच्या हाडात उतरलाय. वर्ष होईल. हा पूर्ण बरा होणार नाही, पण दुखणं आटोक्यात ठेवता येतं, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पहिली गोष्ट मी लगेच मानली. दुसरी मानायला दहा महिने घालवले.

चूक माझीच, पण सवय आपल्या दोघांची. कारखान्याच्या रेल मिलमध्ये एकोणीस वर्षं कधी तू मला शिफ्टचा चार्ज दिलास, कधी मी तुला. मशीनचं जे असेल ते लॉगबुकात खरं लिहायचं, त्यात तू एका ओळीचीही सूट दिली नाहीस. पण स्वतःचं? हाताला चटका बसलेला असो की अंगात ताप, पुढच्या शिफ्टवाल्याला 'ठीक आहे' म्हणायचं आणि डबा उचलून निघायचं. जाता जाता दुसऱ्याच्या गळ्यात रडगाणं घालू नये, हे तूच मला शिकवलंस. नोकरी संपली तरी ते माझ्या अंगातून गेलं नाही.

दर पंधरा दिवसांनी नीतू नावाची नर्स घरी येते. शून्य ते दहामध्ये दुखणं किती, असं विचारते आणि फाइलमध्ये लिहून घेते. मी दर वेळी 'दोन' सांगायचो. एकदा तसंच 'दोन' म्हणालो आणि स्वयंपाकघरातून भागीरथेचा आवाज आला, "दोन? मंग सकाळी बनियान घालताना भिंतीले डोकं टेकून कोण उभं होतं? शेजारचा?" मी म्हटलं, तू कावून मधात बोलून राहिली. तर पोळीचं लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. नीतूनं पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबूजी, आप दो बोलेंगे तो मैडम दो की ही दवाई देंगी।" मग मी आठ म्हणालो. लाज वाटली, ओमप्रकाश. साठी उलटल्यावर कुणासमोर पहिल्यांदा रडलो, आणि भागीरथा लाटणं घेऊन तशीच उभी राहिली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. रायपूरला नेऊन खुब्यावर एकदा रेडिएशनचा शेक दिला. आधी चार दिवस दुखणं वाढलं, मग दोन-तीन आठवड्यांत उतरलं. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. नाव ऐकून मी समजलो, संपलं आता. नीतू हसली. "ये आखिरी की गोली नहीं है बाबूजी, टाइम की गोली है।" दुखो न दुखो, घड्याळाप्रमाणे घ्यायची. आधी मी सहन होईस्तोवर थांबायचो, आणि मग गोळी पोटात जाईपर्यंत दुखणं पार पुढे निघून गेलेलं असायचं. सुरुवातीला चार-पाच दिवस गुंगी आली, मळमळलं, मग गेलं. पोट साफ व्हायचं औषध मात्र चुकवता येत नाही. एकदा चुकवलं, त्याचं वर्णन करत नाही.

आता आकडा खरोखर दोन-तीनवर असतो. रात्री सलग सहा तास झोपतो. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पाय बधिर वाटले तर तडक दवाखाना गाठायचा, एवढं पाळतो. काल भागीरथेसोबत बाजारापर्यंत चालत गेलो. एकाच पालेभाजीला भाजीवाली तिवरा म्हणत होती, ही लाखोरी म्हणत होती, आणि दोघी एकाच जुडीवरून घासाघीस करत होत्या. मी दुकानाच्या फळीवर उन्हात बसून ऐकत होतो. कुठंही दुखत नव्हतं. किती दिवसांनी बरं वाटत होतं, ते बसल्या बसल्या मोजायचंही सुचलं नाही.

हे सगळं इतकं सविस्तर का लिहिलं, ते आता सांगतो. गेल्या गुरुवारी कलावती वहिनींनी भागीरथेला फोन केला. तू सगळ्यांना सांगतोस तशी तुझी पाठ लचकलेली नाही, हे मला माहीत आहे. फुफ्फुसातला आजार तुझ्या बरगड्यांत आणि पाठीत आलाय आणि तू चार महिने घराबाहेर कुणाला बोलला नाहीस. गोंदियाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू 'फार दुखेल तेव्हा' म्हणून उशीच्या अभ्र्यात साठवतोस आणि डॉक्टरांनी किती दुखतं विचारलं की 'थोडंसं' म्हणतोस. वहिनींनी हे तुला कळू द्यायचं नाही असं बजावलं होतं, ते मी मोडतोय. त्यांच्यावर रागावू नकोस. मी तर तुझ्यावर रागावायच्या लायकीचाच नाही. त्याच दिवशी ठरवलं, मॅडमनी हो म्हटलं तर तुझ्याकडे जायचं. किती औषध घ्यायचं ते तुझे डॉक्टर ठरवतील, मी नाही. रविवारी तुझ्याकडे मुक्काम करतो. सोमवारी सकाळी दहाला तुला गोंदियाला दाखवायचं आहे, तिथं मीही येणार. ते तुला आकडा विचारतील. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असेन.

तुझाच,
मारोतराव