पिन न काढलेलं पाकीट

मंगळवार, संध्याकाळ

कुंभारीच्या आजी लघवीचा दुसरा रिपोर्ट न्यायला लॅबमध्ये आल्या, अंगात ताप घेऊनच. पिशवीत पहिल्या रिपोर्टचं पाकीट, स्टेपलरची पिन तशीच.

"डॉक्टरनं उघडलंच न्हाय की. परत त्याच गोळ्या दिल्या."

हा डॉक्टर आहे की गोळ्या वाटणारा? लघवीला जळजळ म्हटली की तीच गोळी, जंतू कुठला का असेना! दुसऱ्या रिपोर्टात आलेला आजींचा जंतू क्वचित सापडणारा, त्या गोळीला दाद न देणारा. कुठली लागू पडेल ते आम्ही लिहून देतो, वाचायला काय होतं?

तावातावाने मीच पिन उपटली. आत माझी सही, माझाच शेरा: 'नमुना दूषित.' आता आठवलं, तोच जंतू तेव्हाही नमुन्यात वाढला होता. बाहेरची घाण समजून मीच सोडून दिला होता.

"काय लिवलंय, म्याडम?"

मी पाकिटाला पुन्हा पिन मारली.