हात वर करून घेतलेलं माप

दि. ४, मंगळवार

ती. ताईस,
तुझ्या टाचणीचा शि. सा. न. वि. वि.

टपालखात्यात नोकरी करणाऱ्या बहिणीला पत्र लिहायचं म्हणजे अक्षर सुधारूनच बसावं लागतं. तुझं पत्र पोचलं. नाही, मी रोज पायमशीनवर बसत नाहीये. एक शिवण मारली की पाठ टेकावीशी वाटते. हा थकवा झोपून जात नाही गं, उठले की तो आधीच उठून बसलेला असतो. लेक म्हणते, आई, घड्याळ तासातासाने वाजतं, तू तासातासाने थांबतेस. हे भांडी घासायला शिकलेत, म्हणजे अर्धी. उरलेली अर्धी भिजत ठेवायला शिकलेत.

किरणांच्या पंचवीसपैकी अठरा सिटिंग झाल्या. कातडी आधी लाल झाली, आता काळवंडलीय. आत घालायचं काहीच सोसवत नाही, म्हणून यांचा जुना मऊ बनियन उलटा करून घालते, शिवणी बाहेर. तेवढी अक्कल धंद्याने दिलीय.

आता खरी गोष्ट. ही घरात कुणाला माहीत नाही आणि फोनवरही सांगायची नाही, इथल्या भिंती पातळ आहेत. शनिवारी आंघोळीत काखेखालची कातडी सोलून निघाली, मागच्या बाजूला, रुपयाएवढी. तिच्याबरोबर मशीन लावायची जांभळी रेघही गेली. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रेघ पुसू द्यायची नाही, पुसलीच तर स्वतः काढायची नाही, येऊन सांगायचं. पण ताई, दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी बसायच्या त्या बाईंचं असंच सोललं होतं, त्यांची ट्रीटमेंट दोन आठवडे थांबवली. दोन आठवडे! तेवढ्यात गाठीचं काही आत राहिलं असेल तर ते डोकं वर काढणार नाही का? मला नाही थांबायचं.

रविवारी आरशासमोर उभी राहिले आणि मार्करने रेघ पुन्हा काढली. पंचवीस वर्षं खडूने रेघा मारतेय, माझी रेघ चुकत नाही. मशीन लावणाऱ्या नेहमीच्या बाई रजेवर आहेत, बदलीच्या बाईंना घाई असते आणि खोलीत उजेड कमी. कालची आणि आजची सिटिंग त्याच रेघेवर झाली. दुखतं का विचारलं, मी म्हटलं, जरा चुरचुरतं.

रागावू नकोस. आणि कुणाला बोलायचं नाही, शप्पथ आहे.

लहान आहे म्हणून आजवर चालवून घेतलंस, यापुढेही घे.
तुझी टाचणी

•

दि. ६, गुरुवार

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या आधी एक धपाटा.

तुझं पत्र आज दुपारी खिडकीतच मिळालं. समोर रांग होती. वाचलं आणि एका गृहस्थांचं पार्सल दोनदा तोललं. संध्याकाळी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या यजमानांनी उचलला, ती झोपलीय म्हणाले. तुझ्या शपथेपायी त्यांच्यापाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. माझ्या आयुष्यात मी एवढं खोटं हसले नव्हते.

आता नीट वाच. तू रेघ आरशासमोर उभी राहून काढलीस. म्हणजे एक हात खाली आणि दुसऱ्या हातात मार्कर. मशीनखाली तू कशी झोपतेस? तूच लिहिलं होतंस, हात डोक्याच्या वर, त्या साच्यात. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण माझा निळा झगा शिवताना तूच मला दम दिला होतास की हात खाली सोडून माप घेतलं तर बाहीचा मुंढा चुकतो, हात उचलला की काखेतून सगळं कापड वर ओढलं जातं. मग कातडी ओढली जात नाही का गं? तुझी रेघ सरळ असेल. ती जागेवर आहे का?

मला रात्रभर हेच दिसणार. ज्या जागेवर पडायला हवं तिथे न पडता चार दिवस ते किरण कुठे पडत असतील? आतल्या फुप्फुसावर? मी डॉक्टर नाही, मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच मी घाबरलेय.

हे पत्र पहाटेच्या थैलीत मी स्वतः टाकतेय. उद्या सकाळी मिळेल. तुझी वेळ अकराची. त्याआधी त्यांना सगळं सांग. अकरा वाजता मी दवाखान्यात फोन करणार आणि तुझी शप्पथ मोडणार. मग आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल. बोलायला तू असलीस म्हणजे झालं.

माया तेवढीच आहे, फक्त आज ती ओरडतेय.
तुझी ताई

•

दि. ७, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, पण दुपारी चार वाजता. टपालखात्याला माझ्याकडून शाबासकी कळव.

सकाळी नऊला व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आल्या, कोट घालून बघायला. खांद्यावर वाद्य धरायला हात उचलला आणि कोट काखेत करकचला. मी त्यांच्यावर उखडले. माप घेताना हात वर करा म्हटलं होतं, तुम्ही अवघडून खालीच धरलात, आता रेघ जागेवर कशी राहील? एवढं बोलले आणि मी भिंतीला धरून उभी राहिले. बाईंना वाटलं मला चक्कर येतेय, त्यांनी मलाच खुर्ची दिली. कोट तसाच टाचण्यांसकट त्यांच्या अंगावर सोडून मी निघाले. दहा वाजायच्या आत दवाखान्यात.

बाकावर बसले आणि पळून जावंसं वाटलं. ताई, मी खरंच दारापर्यंत गेले होते. पण नेहमीच्या बाई रजेवरून परतल्या होत्या, स्टीलची पट्टी खिशात घेऊन फिरतात त्या. त्यांनी हाक मारली, आज लवकर? मी तिथेच सगळं सांगून टाकलं. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला, त्या जाऊन आल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि चुकीचा नंबर होता म्हणाल्या.

मला झोपवलं, हात वर साच्यात, फोटो काढले. माझी रेघ दीड बोट सरकलेली होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि कुठे! डॉक्टर आले. म्हणाले, कडेचा थोडा भाग चार दिवस सुटला, फुप्फुसाला काही झालेलं दिसत नाही, जो भाग सुटला त्याचा हिशेब करून सिटिंग वाढवू. आणि ती जखम भरेपर्यंत आठ दिवस सुट्टी. ज्याला घाबरले तेच झालं. मी सरळ विचारलं, या आठ दिवसांत ते डोकं वर काढेल का? ते म्हणाले, आम्ही दिलेली सुट्टी आम्ही हिशेबात धरतो आणि भरून काढतो, तुम्ही गुपचूप काढलेली रेघ आम्हाला हिशेबात कशी धरता येणार?

जखमेवर मलम आणि मऊ पट्टी दिलीय. आज पहिल्यांदा चुरचुर कमी आहे. यांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून सगळी भांडी घासली. पूर्ण.

भीती वाटतेय, ताई. खूप.

रागावलेली असलीस तरी माझीच राहा.
टाचणी

•

दि. १०, सोमवार

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. धपाटा परत घेतला.

तो चुकीचा नंबर मी होते.

अकराचा शब्द दिला होता, पण दहालाच माझ्याने राहवलं नाही. खिडकी बंद केली, रांगेतल्या लोकांचं बोलणं ऐकून घेतलं आणि फोन लावला. माझ्या बहिणीने एक गोष्ट तुमच्यापासून लपवलीय, एवढंच म्हणाले. त्या बाई म्हणाल्या, लपवलेली नाही, त्यांनी आत्ताच स्वतः सांगितलंय. फोन केल्याचं तिला कळू देऊ नका, एवढं कसंबसं सांगितलं. खिडकी उघडली तेव्हा रांगेतला पहिला माणूस माझा चेहरा बघून म्हणाला, सावकाश होऊ द्या.

आठ दिवसांची रजा टाकलीय, परवा सकाळच्या गाडीने निघते. भीती दोघींनी अर्धी अर्धी करू, तुझ्या घरी भांडी तशीच घासतात ना? जखमेला लागणार नाही असा सैल झगा तुझ्यासाठी शिवायचा. आजवर तू कुणाला तुझं माप घेऊ दिलं नाहीस. या वेळी मी घेणार, टेप तुझीच वापरेन.

दार उघडं ठेव, बाकी काही मागणं नाही. आणि माप घेताना हात वर धरायचा, जेवढा जाईल तेवढा.
तुझी ताई