पाला खाल्लेला ससा

नागपूर, ता. ८ नोव्हेंबर १९५६

गोकुळाबाईले इस्तारीचा रामराम.

पावसाळ्यात बंद पडलेला भामरागडचा रस्ता उघडला असन, म्हून लिवून राह्यलो. माही नोकरी टिकली, मायले तेवढंच सांग. तिचे पाय कसे आहेत?

मांगं सांगतलं तसं, इथी प्रयोगशाळेत साहेब सशायले ई जीवनसत्त्व नसलेलं खाणं देते. पाय लुळे पडले का त्यायले मारून, मांसात सक्सिनिक नावाचं आम्ल कसं जळते ते मोजते. 'एखाद्याले तरी पाला घाल' असं तू रस्ता बंद व्हायच्या आधी लिवलं, तं मी एकाले चोरून घातला. पंधरा दिवसात तो उभा राह्यला.

'हा आता कामाचा नाई,' म्हणून साहेबानं तोच आधी मारायले सांगतला. मी पिंजरा उघडला तं तो आपणच हाताजवळ आला. त्याले वाटलं, पाला आणला.

यापुढं मले कोणाची दया करायले लिवू नको.

तुहा भाऊ
इस्तारी