तिसऱ्या शहानंतरची माघार

पिंपळी, ता. बारामती
मंगळवार, दि. १३ फेब्रुवारी १९९६

चि. दिशा हिला अण्णांचा सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं ठीक आहोत. बानूमावशीची कंबर कशी आहे, ते आईनं विचारलं आहे.

सकाळपासून मी घरातल्या एकेका वस्तूला गुण्या लावून बघतो आहे. पुढच्या दाराची चौकट, तुझा पाळणा (त्यात आई आता कांदे ठेवते), विहारातलं पुस्तकांचं कपाट, शाळेच्या मैदानावरचे खो-खोचे खांब, कॅरम बोर्ड, सोंगट्यांचा पट, आणि बुद्धिबळाचे मोहरे, पांढरे बाभळीच्या फिक्या लाकडाचे, काळे शिसवाचे. सगळं माझ्या हातचं. यातलं एकही काम मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. चौकट काटकोनात आहे. कपाटाची फळी झुकलेली नाही. मैदानावर जाऊन खांबांना ओळंबाही लावून आलो. आई म्हणाली, काही हरवलंय का? मी म्हणालो, नाही.

कारखान्याचा सीझन जोरात चालू आहे. काल लेथवर माझ्या हातून एक शाफ्ट वाया गेला, माप बारीक झालं. फोरमननं तो दोनदा मापून पाहिला. त्याला नवल वाटलं असणार.

संघपाल रोज संध्याकाळी विहारात येतो आणि विचारतो, दिशाताई कधी येणार? पोरं पट मांडत नाहीत. पत्ते खेळतात. मेंढीकोटात हुकूम झाकायचा की उघडा ठेवायचा, यावरून परवा भांडली आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडं निवाड्याला आली. मी म्हणालो, मला माहीत नाही. असं उत्तर त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा आता स्पर्धेच्या त्या रविवारचं लिहितो. तू गाडीत एक शब्द बोलली नाहीस, घरी आल्यावर नाही, आणि दुसऱ्या दिवशी मावशीकडं निघून गेलीस. मीही विचारलं नाही.

शेवटच्या डावात तुझ्याकडं पांढरे होते. तो चष्मेवाला मुलगा चांगला खेळत होता, पण तू त्याच्यापेक्षा चांगली खेळत होतीस. त्यानं हत्तीनं शह दिला, तो डावातला तिसरा. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. म्हटलं, आता बघा आमची माघार. तू राजा उचललास आणि शांतपणे त्याच्या मूळ घरात नेऊन ठेवलास.

मग तो मुलगा हसला. पंच आले. त्यांनी राजा उचलून परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, ही कुठली खेळी? तू नियम सांगितलास, मी शिकवला तसाच, शब्द न् शब्द: पहिली खेळी करणाऱ्याच्या राजाला तिसरा शह बसला की डावात एकदा घरी परतता येतं. हॉलभर हशा झाला. पंच म्हणाले, असा नियम जगात नाही, आणि ज्या मोहऱ्याला हात लावलास तोच हलवायला लागेल. उंट मधे घातला असतास तर डाव तुझाच होता. पण हात राजाला लागला होता. राजाला एकच घर मोकळं होतं, आणि तिथं वजिरानं मात.

पंचांनी तुला विचारलं, "कुणी शिकवलं गं तुला हे?"

तू म्हणालीस, "कुणी नाही. माझी मी शिकले."

मी तिसऱ्या रांगेत होतो, दिशा. उठलो नाही. उठताच आलं नाही. असं मी आईला सांगितलं आणि ते खोटं नाही. पण त्याच्या आधीचंही एक आहे. प्रवेशाच्या पावतीबरोबर नियमांचा छापील कागद आला होता. तू तो दोनदा वाचलास आणि मला म्हणालीस, अण्णा, यात माघार कुठं दिसत नाही. मी कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणालो, छापणाऱ्याकडून राहिलं असेल.

स्पर्धेनंतरचा आठवडाभर मला वाटत होतं की पंच चुकले. ही आपल्याकडची जुनी रीत आहे, शहरवाल्यांना ठाऊक नाही, एवढंच. म्हणून परवाच्या रविवारी साक्ष आणायला निरवांगीला गेलो.

तुला माहीत आहे, मी बुद्धिबळ निरवांगीच्या पारावर शिकलो. पारावर नाही, पाराखाली. आम्हाला वर चढायची रीत नव्हती. पाटलाच्या म्हशी पाण्यावरून आणायच्या आणि पाटील उठेपर्यंत खाली उभं राहायचं. माझं डोकं बरोबर पटाच्या उंचीला यायचं. घोडा अडीच घरं जातो, प्यादं तिरपं मारतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मी डाव बघून एकेक नियम काढला आणि दुसऱ्या दिवशी ताडून पाहिला. माघारसुद्धा अशीच काढली. पाटील नेहमी पहिली खेळी करायचे, आणि तिसरा शह बसला की त्यांचा राजा घरी जायचा. कुणी हरकत घ्यायचं नाही. मग तो नियमच असणार. आणि तो पहिली खेळी करणाऱ्यालाच का, याचंही कारण मी शोधलं: जो आधी पुढं येतो तो जास्त धोका पत्करतो, म्हणून त्याला एकदा मुभा. विहारातल्या पोरांना मी हे किती ऐटीत सांगत आलो.

त्या पारावरच्यांपैकी आता गेणबातात्या तेवढे उरलेत. बाजेवर पडून असतात, पण कान शाबूत आहेत. त्यांच्या कारभारीण कुशाबाई, त्यांनी चहा दिला. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, तात्या, तुम्ही दोन ओळी लिहून द्या, आपल्याकडं माघार होती म्हणून.

तात्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "शिरपा, आमच्यातल्या कुनाचा राजा माघारी गेल्याला बघितलास का कंदी?"

मी आठवू लागलो. त्यांचा, तानूबाईच्या नवऱ्याचा, आणखी दोघातिघांचा. एकाचाही आठवेना.

"त्यो नेम न्हवता रं," तात्या म्हणाले. "पाटील अडाकला की आमीच म्हनायचो, आबा, घ्या मागं. मात कोन देनार त्येला? सांच्याला पानी त्येच्याच हिरीचं लागायचं."

कुशाबाई आतून म्हणाल्या, "आन तितं हरून आलं की घरी माज्यावर डाफरायचं."

तात्या हसले. मलाही हसू यायला हवं होतं. मी हातातली कपबशी खाली ठेवली. माणसं एका माणसाला भीत होती आणि मी खाली उभा राहून त्याचा नियम लिहीत होतो. तोच नियम मी माझ्या पोरीच्या हातात दिला आणि तिला हॉलमध्ये बसवलं.

परतीच्या गाडीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती निरवांगीपेक्षा वाईट. "माझी मी शिकले" असं तू म्हणालीस ना, तेव्हा तू मला माघार दिलीस. त्या पारावरच्या माणसांनी पाटलाला द्यावी तशी. आणि मी ती घेतली.

म्हणून हे पत्र. काल ड्यूटी संपल्यावर बारामतीला जाऊन मी पंचांना भेटलो. सांगितलं, तो नियम माझा होता, मुलीचा नव्हे, आणि तिनं तो कागदावरून मला विचारलाही होता. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, निकाल बदलणार नाही, पण पुढच्या महिन्यातल्या जिल्ह्याच्या निवडीला तिला पाठवा, तिचा मधला डाव मी विसरलेलो नाही. नाव मी दिलेलं नाही. ते तू द्यायचं किंवा नाही द्यायचं.

नियमांचा कागद सोबत पाठवतो आहे. मी तो काल पहिल्यांदा पुरा वाचला. दोन ठिकाणी मला अडलं आहे, तिथं पेन्सिलनं खूण केली आहे. तू आलीस की सांग. एक डाव खेळू. पांढरे मी घेईन. तिसरा शह बसला की मला मात दे, थांबू नकोस.

आता राहिलं पुस्तकाचं. चतुरंगापासून हुतुतूपर्यंत, कुठला खेळ कुठून आला आणि त्याचे नियम काय, हे मी किती वर्षं गोळा केलं ते तू पाहिलं आहेस. निरवांगीच्या तालुक्याला, इंदापुरात, झुंबरशेठचा छापखाना आहे. ते छापायला तयार होते. मी रविवारी निरवांगीहून तसाच त्यांच्याकडं गेलो आणि म्हणालो, बुद्धिबळाच्या प्रकरणातून माघार काढायची आहे. ते म्हणाले, "काढताय कशाला? बाकीचं समदं दुसऱ्या पुस्तकांत हाय. ह्योच तेवढा कुठं न्हाय. निरवांगीची माघार, नावच कसलं भारी हाय. शाळांना खपवतो की." मी म्हणालो, एकदा छापला की तो नियम होईल. ते म्हणाले, मग होऊ द्या की.

माघारीसकट द्या, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पैसे तिथल्या तिथं, रोख. मी वही उचलली आणि नाही म्हणालो. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही इतक्यात सांगू नकोस. साडेसात हजार.

तुझा,
पाराखाली उभा राहून शिकलेला बाप,
श्रीपती