चौथ्या क्रमांकावरचे परब

शनिवार, दिनांक १३ ऑक्टोबर १९८४, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. टंकलेखन यंत्रातल्या ‘ळ’ मध्ये साचलेली शाई टाचणीने काढत बसलो होतो, ती टाचणी खाली ठेवून हे पत्र लिहीत आहे.

तीर्थरूप महादेवमामा यांच्या चरणी भाचा सदानंद याचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? छापखान्यात दिवसभर उभे राहून खिळे जुळवायचे म्हणजे गुडघा कुरकुरणारच. माईने तुमच्यासाठी तेल करून ठेवले आहे, पण पोस्टात बाटली घेत नाहीत (मी विचारून आलो, दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर).

माझे म्हणाल तर दहावीच्या गणिताने दोनदा मागे पाठवल्यापासून मालवणच्या बाजारात टंकलेखन करतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात कॉलेजातले नेरूरकर सर त्यांचा लेख घेऊन आले. आपल्या गावच्या बंदरातून पूर्वी मीठ आणि खारे मासे घाटावर कसे जात, यावर तो आहे. कोल्हापूरच्या एका त्रैमासिकाने तो एकदा परत पाठवला होता. लेख उत्तम, पण संदर्भ नियमाप्रमाणे नाहीत, असा शेरा. सोबत नियमांचे चार पानी पत्रक. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, पुस्तकाचे वर्ष कंसात, पृष्ठक्रमांक हवाच, ज्यांनी तोंडी माहिती दिली त्यांची यादी वेगळी, आडनावांच्या अक्षरक्रमाने, वय आणि तारखेसह, ‘श्रीयुत’, ‘सौभाग्यवती’ वगैरे काही नको. मामा, मी ते पत्रक वाचले आणि मला फार बरे वाटले. कुणीतरी स्वल्पविरामाची इतकी काळजी करणारे जगात आहे! सर म्हणाले, दिवाळीच्या आत यादी निर्दोष करून दिलीस तर ग्रंथालयातल्या मदतनिसाच्या जागेसाठी प्राचार्यांकडे तुझे नाव नेतो. त्या रात्री मला झोप आली नाही (माझी अशी झोप गेली की माई मला सुंठेचा काढा पाजते, तोही झाला).

पुस्तकांची यादी सुरळीत पार पडली. तोंडी माहिती देणारे पाच. अक्षरक्रमाने पहिले गावडे, मग दळवी, नाईक, चौथे परब आणि शेवटची सावंत, म्हणजे आपली माई. आता खरे तर यादी सरांना देऊन मोकळे व्हायचे. पण नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक राहू नये, म्हणून ती टंकलेली यादी घेऊन मी प्रत्येकाच्या घरी सही आणायला गेलो. कुणी सांगितले नव्हते. ही माझीच अक्कल.

विश्राम परबांकडे आणखी एक काम होते. देवळाच्या जुन्या हिशोबाचे बाड, म्हणजे ते दोऱ्याने शिवलेले दप्तर, त्यांच्या पेटीत असते. त्यातला मिठाच्या पोत्यांचा उल्लेख सरांनी वापरला होता, त्याचा पृष्ठक्रमांक हवा होता. परबांनी चष्मा लावला, यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. “सदू, देवळात पयलो नारळ कोणाचो रे?” मी म्हटले, तुमचो. “मगे हय गावडो माझ्या वर कसो चढलो?” मी नियमांचे पत्रक दाखवले, ग आणि प यांतले अंतर बोटांवर मोजून दाखवले. ते म्हणाले, “तुझ्या बाराखडीक आमच्या देवळात मान नाय.” आणि पेटीला कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधतात तशी करगोट्याला बांधली. (परब आणि गावडे यांच्यात पहिल्या नारळावरून आजोबांच्या वेळचा दावा चालू आहे, हे मी घाबरल्यामुळे विसरलो होतो.)

तिथून हरिश्चंद्र गावड्यांकडे गेलो. त्यांना यादी इतकी आवडली की चहाबरोबर खाजे आले. वय विचारले तर म्हणाले, “परबाचा काय लिवलंस? त्येच्यात दोन वर्सा घाल.” मी म्हटले, असे नाही करता येत. तर म्हणाले, एकच घाल.

सरांना विचारले, यादी मानाप्रमाणे लावली तर? सर म्हणाले, “सदानंद, संदर्भसूची म्हणजे पालखी नव्हे.” पण पृष्ठक्रमांकाशिवाय लेख पुन्हा परत येणार, हेही सरच म्हणाले. आता सांगा, मी काय करणार होतो?

परबांकडे परत गेलो आणि एका श्वासात म्हटले, छापून येईल तेव्हा पहिले नाव तुमचेच असेल. नुसत्या शब्दावर परब थोडेच ऐकणार? मला देवळात नेले, नारळ माझ्या हातात दिला आणि खणखणीत गाऱ्हाणे घातले की ह्या लेकराने शब्द दिलेला आसा, तो त्याच्याकडून पाळून घे म्हाराजा. मागे उभ्या असलेल्या तिघांनी “व्हय म्हाराजा!” म्हटले. घाबरून मीही म्हटले. मग पेटी उघडली. बाडाला पृष्ठक्रमांकच नव्हते! पेन्सिलने घालतो म्हटले तर परबांनी माझा हात मागे ओढला. शेवटी परब बोट ओले करून पाने उलटत गेले आणि मी मोजत गेलो. पहिल्यांदा पान सतरा आले, दुसऱ्यांदा अठरा, कारण कोकमाच्या डागाने चिकटलेली दोन पाने मध्येच सुटली. अठरा लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावडे दारात. हातात नारळ, सोलून आणलेला.

म्हणजे मामा, आज परिस्थिती अशी आहे की एकाच देवासमोर, दोन नारळांवर, मी दोघांना पहिला क्रमांक कबूल केला आहे, आणि सरांच्या फाइलीत अक्षरक्रमाची यादी आहे. थोरल्यांना आणि नर्मदामामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. प्रकृतीला जपा.

आपला आज्ञाधारक,
सदानंद

ता. क. त्या त्रैमासिकाचा जुना अंक सरांनी नमुन्यादाखल दिला होता. मी तो शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मुद्रणस्थळ म्हणून अगदी बारीक टायपात तुमच्याच छापखान्याचे नाव आहे. मामा, सगळा अंक छापून झाला की त्या पानाचे खिळे मोकळे करायच्या आधी परबांची ओळ चिमट्याने उचलून वर ठेवायची, एक प्रत काढायची. मग गावड्यांची ओळ वर ठेवायची, एक प्रत काढायची. दोघे एकमेकांच्या घरी पाऊल टाकत नाहीत, त्यामुळे प्रती शेजारी ठेवून कधी कुणी पाहणार नाही. देवाला दिलेला शब्दही राहील, कारण छापून येईल तेव्हा, एवढेच मी म्हटले होते. किती प्रतींत, ते नाही.

ता. क. २. पत्र बंद करणार तेवढ्यात माई पाठीशी येऊन उभी राहिली. यादीत आपण तळाला का, म्हणून विचारले. मी म्हटले, सावंत, स शेवटी येतो. तर म्हणाली, “बांगडे खारवूची माहिती मी सांगितलंय ती माझ्या बापाशीच्या खळ्यातली. सावतांच्या घरात मीठ खंय होता? बाईल माणसाचा आडनाव खंयचा धरूचा, ता तुझ्या पत्रकात लिवलेला आसा?” मी चारही पाने तीनदा वाचली. नाही लिहिलेले. धावत सरांकडे गेलो. त्यांनीही पत्रक पुन्हा वाचले, हसले आणि म्हणाले, नियमात बसते. जागेबद्दल काही बोलले नाहीत, पण ग्रंथालयाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते, ते दाखवले.

तेव्हा सगळ्या खऱ्या प्रतींत माईची ओळ पहिली, आणि तुमच्याच आडनावाने येईल: आंगणे, सीता. मामा, ती ओळ दुसऱ्या कुणाला जुळवू देऊ नका.

ता. क. ३. परबांची प्रत मात्र विसरू नका. ते आता पाचवे आहेत.