पोहण्याच्या पोशाखाविषयी, तातडीने

ती. ताईंना,

मास्तरांचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकलो आहे, गोड मानून घ्या). तुमचे गुडघे काय म्हणतात? साडूभाऊंचा खोकला थांबला का? इकडे मी ठणठणीत आहे, म्हणजे शरीराने. तोंड मात्र दाखवण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही.

तुमची धाकटी बहीण तुमच्याकडे "सहज, चार दिवस" आल्याचं सांगत असेल. सहज कसली! त्याचं असं झालं, आमच्या तरणतलावावर साठीपुढच्यांचा सकाळचा वर्ग निघाला आणि आम्ही दोघांनी नाव घातलं. तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नापासून प्रत्येक फोटोत ही कुणाच्या तरी मागे उभी असते. दंड दिसतात, पोट दिसतं, हनुवट्या दोन दिसतात. मला वाटलं, पहिल्याच दिवशी दारातून परत फिरणार. पण कसलं काय! कपडे बदलायच्या खोलीत म्हणे सगळ्या बायकांनी एकमेकींना आपापली ऑपरेशनं, सुरकुत्या, सुटलेली पोटं दाखवली, हसून हसून बेजार झाल्या आणि रांगेने पाण्यात उतरल्या. आठवडाभरात ही उताणी तरंगायला लागली, ताई! डोळे मिटून. एवढी निवांत मी तिला जन्मात पाहिली नव्हती.

आम्हा पुरुषांचं विचारू नका. सगळे काठापर्यंत टॉवेल गुंडाळून येणारे. निवृत्त पोस्टमास्तर तर काठावरही टॉवेल सोडत नाहीत, "वारा गार आहे" म्हणतात (तलाव चारी बाजूंनी बंद आहे). आणि मी? जन्मभर शाळेत कवायत शिकवली, "पोट आत, छाती पुढे" ओरडून घसा बसवला. त्या देहाची आता पिशवी झाली आहे, हे चारचौघांत दाखवू कसं? म्हणून पोट आत ओढूनच उतरलो आणि ओढूनच ठेवलं. पोट ओढलं की श्वास घेता येत नाही, आणि छातीत हवा नसली की माणूस तरंगत नाही. सरळ तळाशी गेलो. शिकवणाऱ्या मुलीने काखेत हात घालून वर काढलं.

सगळे बघत होते. पोस्टमास्तर म्हणाले, "मास्तर, वहिनी बघा कशा तरंगतात!" आणि ताई, माझी जीभ झडली कशी नाही? खोकत खोकत मी मोठ्याने म्हणालो, "ती तरंगणारच! चरबी कधी बुडते का?" पुरुष खो खो हसले. ही पाण्यातून बाहेर आली, हाताला लागला तो टॉवेल गळ्यापर्यंत गुंडाळला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून तलाव बंद, बोलणं बंद, आणि मग तुमच्याकडे. स्वतःची लाज झाकायला मी तिची उघड्यावर टाकली. कुठे फेडू हे पाप?

तुमच्या घराजवळही तलाव आहे. काहीही करा, पण तिला पुन्हा पाण्यात उतरवा, एवढीच विनंती.

तुमचे,
मास्तर

ता. क. – एवढीच नाही. तिचा पोहण्याचा पोशाख मी काल कुरिअरने पाठवला. नीटनेटका दिसावा म्हणून आधी कडक इस्त्री मारली. आज शिकवणारी मुलगी म्हणाली, "अहो, ते कापड इस्त्रीने आटतं!" घडी एवढीशी कशी झाली, हा प्रश्न मला पडलाच होता. तिने घालून पाहिला तर मेलो! तिला वाटेल, मी मुद्दाम लहान मापाचा पाठवून टोमणा मारला. पार्सल दारातच अडवा. फोन केला तर तीच उचलते आणि माझा आवाज ऐकून ठेवते, म्हणून हे पत्र तुमच्या वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या हाती देतो आहे (कोर्टाच्या कामाला इकडे आलेत, आजच परततात).

ता. क. दुसरा – पार्सल आधीच पोचलं असेल आणि तिने घालून पाहिला असेल, तर हे पत्र सरळ तिच्याच हातात द्या. कापड आटलं आहे, ती वाढलेली नाही. आणि मी पोट ओढून उभा राहतो, हेही तिला कळू दे. इतकी वर्षं ते तिच्यापासूनच लपवत होतो.