दोन आयांची भातुकली

नेरूळ, ऑगस्ट १९९६, मंगळवार

समोरच्या वहिनी संध्याकाळी दारातच म्हणाल्या, "मनूला यापुढे तुमच्याकडे पाठवणार नाही. पोरं निरागस असतात हो, नको ते शिकतात."

काय शिकली सहा वर्षांची मनू? भातुकलीत दोन बाहुल्यांचं घर मांडलं आणि दोघींनाही आई केलं. एवढंच! सोसायटीत मी आणि शरयू मैत्रिणी म्हणूनच राहतो. आमच्या घरात तिने पाहिलं तरी काय? मी शरयूच्या चहात आलं किसून घालते, ती माझ्या साडीच्या निऱ्या धरते. दोन बाहुल्या, एक घर. मनूएवढी असताना मीही असंच मांडायचे. मला कुणी शिकवलं होतं?

शरयू म्हणाली, "वहिनी, आमच्यावर रागवा. तिला काही बोलू नका."

तेवढ्यात आईच्या मागून मनू पुढे आली. डोळे रडून सुजलेले. "आई, मावश्यांनी नाही शिकवलं. मीच वाईट आहे."

शरयू खाली बसली, तिला कुशीत घेतलं. "तू मुळीच वाईट नाहीस गं, राणी."

वहिनींनी तिला ओढून नेलं नाही. मनूचं रडणं थांबेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.